सावित्रीची किल्ली

मी, लवू गंगाराम भाटकर, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा ड्रायव्हर, हल्लीचा धंदा पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारणे, राहणार मौजे आंजर्ले, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे की, माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही, आणि कोणी माझ्या मानगुटीवर बसून हे लिहवून घेत नाही. खेडच्या वकीलसाहेबांनी नमुन्यासाठी मसुदा पाठवला होता. त्यात "मानवी जीवन क्षणभंगुर असल्याने" असे एक वाक्य होते, ते मी काढून टाकले. माझे जीवन एवढ्यात भंगत नाही, असे मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितले आहे. त्या आनंदातच मी हे लिहायला घेतले.

मरायला टेकलेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये, असे माझे आता पक्के मत झाले आहे. तो घाबरलेला असतो आणि समोरचा जे सांगेल त्याला मान डोलावतो. मी तेच केले होते. म्हणून हे दुसरे.

कलम १. पहिले मृत्युपत्र रद्द.

गेल्या पावसाळ्यात माझा खोकला हटेना. छातीचा फोटो काढला तर त्यात डाग निघाला. दापोलीच्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि "मुलाला बोलावून घ्या" म्हणाले. झाले! माझी तर पाचावर धारण बसली. त्याच आठवड्यात मी खेडला जाऊन मृत्युपत्र केले. त्यात राहते घर चिरंजीव अजिंक्य याला दिले आणि पुढे एक ओळ घातली, की "माझी पत्नी मथुरा हिचा सांभाळ चिरंजीवाने करावा." वकीलसाहेब म्हणाले, "छान, एकदम सुटसुटीत." मलाही ते सुटसुटीत वाटले.

अजिंक्य मुंबईला नोकरीला आहे. पोरगा वाईट नाही, हे मी इथे मुद्दाम लिहितो. पण मृत्युपत्र झाले आणि पुढच्याच शनिवारी तो एका एजंटाला घेऊन आला. आईला मुंबईला नेऊ, घर विकू, तिथे मोठी जागा घेऊ, असा त्याचा विचार. मी आत खाटेवर खोकतोय आणि हे दोघे अंगणात टेप धरून उभे! मथुरा चहा घेऊन बाहेर गेली, तर एजंट तिला म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा, माप चुकतंय." ती बाजूला झाली.  चहाचे कप त्या दिवशी तिने फार आवाज करून धुतले.

तर ते पहिले मृत्युपत्र मी संपूर्ण रद्द करतो. कोणी ते कुठून शोधून आणले तर चुलीत घालावे. कागद चांगला जाड आहे, पेटायला वेळ लागेल.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे असेल ते.

ते मथुराचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कलम ३. गाडीचे सामान.

मी उभी हयात जगबुडी पेपर प्रॉडक्ट्स या खेडजवळच्या कारखान्याच्या ट्रकवर काढली. जगबुडी ही तिथली नदी. कागदाच्या कंपनीला पुराच्या नदीचे नाव देणारा माणूस कोण होता देव जाणे, आम्ही ड्रायव्हर लोक त्यावरून मालकाला पाठीमागे फार हसायचो. मुंबईहून कागदाची मोठाली रिळे आणायची, आणि कारखान्यात त्याची आंब्याची खोकी झाली की ती कोकणभर बागायतदारांना पोचवायची, हे आमचे काम. जाताना गाडी हलकी, येताना मात्र रीळ म्हणजे एकेक रेडा. कागदाला पाणी चालत नाही आणि जोरात ब्रेक चालत नाही. जोरात ब्रेक मारला की मागची रिळे केबिनच्या पाठीवर येतात. म्हणून कागदवाला ड्रायव्हर लांबूनच ओळखू यायचा. त्याची गाडी नवरीसारखी चालायची. सिमेंटवाले आम्हाला चिडवायचे, "काय रे, गाडीत अंडी भरलीत काय?"

ताडपत्री बांधणे ही आमची खरी विद्या. आधी वाऱ्याची बाजू बघायची, मग त्या बाजूची दोरी शेवटी ओढायची, म्हणजे ताडपत्रीच्या पोटात वारा शिरत नाही. कंपनीने गाड्या विकून टाकल्या आणि ठेकेदाराला काम दिले, तेव्हा शेवटच्या दिवशी माझी ताडपत्री मी घडी घालून घरी आणली. सुपरवायझरने पाहिले आणि तोंड फिरवले. त्याने आयुष्यात केलेले हे एकच चांगले काम. ती ताडपत्री आणि दोऱ्या माझी मुलगी श्रद्धा हिला. तिचे सासर केळशीला, जावयाची होडी आहे, पावसात झाकायला होईल. जावईबापूंनी वाऱ्याकडची दोरी शेवटी ओढावी. ते उलटे करतात, मी बघितले आहे.

चाकामागे लावायचे दोन लाकडी ठोकळे अजिंक्यला. चढावर गाडी थांबली की आधी ठोकळा लावायचा आणि मग काय झाले ते बघायचे. त्याने ते बैठकीत शोकेसमध्ये ठेवू नयेत. रोज दिसतील अशा जागी जमिनीवर ठेवावेत, अडखळला तरी चालेल.

कलम ४. हॉर्न, आणि त्यामागची हकीकत.

माझ्या गाडीचा तीन सुरांचा हॉर्न मी स्वतः मुंबईत बाजार धुंडाळून आणला होता. आमच्यात रीत अशी, की गावाजवळच्या वळणावर प्रत्येक ड्रायव्हर आपल्या तऱ्हेने हॉर्न द्यायचा. त्यावरून वाडीतल्या बायका ओळखायच्या कोणाचा नवरा आला, आणि तांदूळ धुवायला घ्यायच्या. माझा हॉर्न दोनदा आखूड आणि एकदा लांब. मी दारात पोचेपर्यंत आमटीला फोडणी बसलेली असायची. हा हॉर्न नात राही हिला द्यावा. तिला तो आवडतो आणि तिच्या आईला आवडत नाही, म्हणजे तो योग्य हातात जातो आहे.

आता हकीकत. माझा शेजारी केरू धोंडू भुवड हा माझ्याच कंपनीत ड्रायव्हर, लहानपणापासूनचा दोस्त. अजिंक्य कडेवर होता त्या सालची गोष्ट. शिमगा होता. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघरी येते, आणि त्या दिवशी ती केरूकडे येणार होती. पण केरूची गाडी आदल्या दिवशी मुंबईला रिळे भरायला जायची होती, आणि माझ्या गाडीत दापोलीकडची खोकी भरलेली. केरू म्हणाला, "लव्या, यावेळी गाडी बदल रे. तू माझी घेऊन मुंबईला जा. तुझी खोकी टाकून मी उद्या संध्याकाळपर्यंत घर गाठतो." आमच्या कंपनीत ड्रायव्हरने दुसऱ्याची गाडी घ्यायची नाही असा नियम. सुपरवायझरला सांगितले असते तर त्याने शिमग्याला सुद्धा नाही म्हटले असते. म्हणून आम्ही न सांगताच बदलली.

मुंबईहून परत येताना कशेडी घाटात उतारावर ब्रेक गेला. मागे रिळे. समोर वळण आणि खाली दरी. मी गाडी डोंगराच्या अंगाला घातली, ती घासत गेली, पण वजन मागून रेटत होते. मी दार उघडून उडी टाकली. माझ्या खांद्याचे हाड मोडले आणि शुद्ध गेली. गाडी दरीत. मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने मला उचलून महाडच्या दवाखान्यात नेऊन टाकले आणि निघून गेला. त्याचे नाव मला कधी कळले नाही. देव त्याचे भले करो. लोक सांगतात, दरीतल्या झाडांवर कागद लांबच लांब उलगडून पडला होता, आणि खालच्या गावातल्या फळ्यांवर दोन दिवाळ्या तोच कागद अंथरलेला होता.

ही गोष्ट मी आजवर शंभर ठिकाणी सांगितली आहे. लग्नात, बारशात, एसटीच्या थांब्यावर. गाडी डोंगराला कशी घातली, उडी कशी टाकली. पण या गोष्टीला दुसरी बाजू होती आणि ती माझ्याच घरात होती, ते मला गेल्या महिन्यात कळले.

मुंबईच्या डॉक्टरांनी छातीतला तुकडा काढून तपासला, आणि म्हणाले, "काका, हा जुना डाग आहे. कधीतरी क्षय होऊन आपोआप बरा झालेला. हा घेऊन तुम्ही शंभरी गाठाल." अहो, मी त्या डॉक्टरच्या पाया पडायचाच बाकी होतो! दवाखान्याच्या जिन्यात बसून मी रडलो आणि मग वडापाव खाल्ला. परत येताना अजिंक्य त्याच्या गाडीने आम्हाला सोडायला निघाला. आता कशेडीला बोगदा झाला आहे, घाट चढावाच लागत नाही. पण मी हट्ट धरला, की जुन्या घाटाने ने. मला ते वळण बघायचे होते.

वळणावर अजिंक्यने गाडी थांबवली. तिथे आता रानटी झाडी माजली आहे. मी उतरलो आणि जिवंतपणाच्या मस्तीत सगळी गोष्ट पुन्हा सुरू केली. इथून आलो, इथे ब्रेक गेला, इथे उडी टाकली. अजिंक्य हसत ऐकत होता. मथुरा गाडीतच बसून होती. ती खिडकीतून म्हणाली,

"तुमची उडी पाठ झाली वो आम्हाला. सावित्रीच्या किल्लीचं ठाऊक हाय काय तुम्हाला?"

मी म्हटले, "कसली किल्ली?"

मग तिने सांगितले. सावित्री म्हणजे केरूची बायको. घाटात गाडी गेल्याची बातमी कंपनीने गावातल्या दुकानाच्या फोनवर दिली. नंबर केरूच्या गाडीचा, म्हणून बातमी पोचली ती अशी, की केरूची गाडी दरीत गेली आणि माणूस सापडत नाही. पालखी वेशीवरच थांबवली. वाडी सावित्रीच्या दारात जमली. मथुरा तिचा हात धरून बसली. म्हाताऱ्या बायका बांगड्या फोडायला पुढे झाल्या, तर मथुरा त्यांच्यावर ओरडली, "माणूस घरी येऊ द्या आधी! तोवर कोणी हात लावायचा नाय!" तिचा दरारा तेव्हाही होता.

तेवढ्यात केरूचा थोरला भाऊ आला. त्याचे नाव मी या कागदावर घालत नाही. तो रडत होता, खरेच रडत होता, आणि रडता रडता सावित्रीपुढे हात करून म्हणाला, "घराची किल्ली दे. आता सगळं मलाच बघायचंय." तिने कमरेला खोचलेली किल्ली काढून दिली.  सगळ्यांना ते रीतीचेच वाटले. तो पुढे म्हणाला, "दिवस झाले की माहेरी सोडून येऊ हिला." सावित्री आपल्याच घरात पाहुणी होऊन भिंतीला टेकून बसली.

संध्याकाळी वळणावर हॉर्न वाजला. दोनदा आखूड, एकदा लांब.

मथुरा म्हणाली, "मला वाटलं तुम्हीच आलात. तिचा हात सोडून मी हसत धावले वो. तिच्या घरात मढं पडल्यागत सगळी बसलेली आणि मी हसत धावले." माझी गाडी अंगणात आली आणि गाडीतून उतरला केरू. त्याने मथुराची मस्करी करायला माझ्या तऱ्हेने हॉर्न दिला होता. गाडी बदलल्याचे त्याने सांगितले मात्र, आणि दोन बायकांनी एका क्षणात जागा बदलल्या. मथुरा तिथेच मातीत बसली.

आणि सावित्री? नवरा जिवंत दिसल्यावर ती आधी त्याच्याकडे गेली नाही. ती दिराकडे गेली आणि तिने हात पुढे केला. "किल्ली." एवढेच बोलली. किल्ली कमरेला खोचली, आणि मग येऊन मथुराचा हात धरून बसली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी महाडहून माझी खबर येईपर्यंत उठली नाही.

मथुराचे हे सगळे सांगून झाले. मी म्हटले, "एवढी वर्षं का नाही बोललीस?" तर म्हणते, "तुम्ही उडीचं सांगत होतात ना. मध्ये कुठे बोलू?" आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "परवा एजंट मला बाजूला व्हा म्हणाला, तेव्हा ती किल्ली आठवली. तुम्ही तर माझी तुमच्या हातांनीच काढून दिलीत. तीपण जिवंतपणी."

जीव वाचल्याची माझी सगळी मस्ती तिथेच उतरली. फार वाईट वाटले. अजिंक्य स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. मी आत बसलो आणि त्याने गाडी सुरू केली. खेडला त्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "बाबा, वकिलांचं ऑफिस इथंच आहे ना?" म्हणून मी वर लिहिले, की पोरगा वाईट नाही.

कलम ५. घर.

मौजे आंजर्ले येथील माझे चिऱ्याचे कौलारू घर, पडवी, मागचे परडे, विहीर, न्हाणीघर, आणि अंगण, जे एजंटाने मापले तेवढे आणि तो चुकला तेवढेही, हे सर्व माझ्या पश्चात माझी पत्नी सौ. मथुरा लवू भाटकर हिच्या पूर्ण मालकीचे होईल. "हयातीपुरते" नाही. "सांभाळ व्हावा म्हणून" नाही. मालकीचे. तिने ते राखावे, विकावे, भाड्याने द्यावे, देवळाला द्यावे की कुलूप लावून मुलीकडे जावे, यात मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊबंद यांपैकी कोणी तोंड घालायचे नाही. ती कोणाच्या घरात राहणार नाही. बाकीचे तिच्या घरात येतील, आणि येताना काहीतरी खायला घेऊन येतील.

हे फोनवर वाचून दाखवले तेव्हा सूनबाई वेदिका म्हणाली, "बाबा, हे कलम तसंच्या तसं ह्यांनाही उतरवून द्या. आमच्या फ्लॅटला लागेल." अजिंक्य मागून काहीतरी पुटपुटला. मी त्याला एक प्रत पाठवणार आहे.

कलम ६. आंब्याची कलमे.

डोंगराकडच्या तुकड्यातली हापूसची कलमे अजिंक्य आणि श्रद्धा यांना निम्मी निम्मी. कुठले झाड कोणाचे यावरून भांडायचे असेल तर आंबा उतरल्यावर भांडावे, मोहोरात नको.

कलम ७. जुनी भांडणे.

सुपरवायझरने अपघातानंतर मला आणि केरूला, नियम मोडला म्हणून, भर आवारात उभे करून झापले होते. माझा हात गळ्यात बांधलेला होता. त्याला मी आजवर माफ केले नव्हते. छातीचा डाग जुना निघाला त्या दिवशी केले. मोठ्या मनाने नव्हे, मला त्या दिवशी कोणावर रागवायला जमतच नव्हते.

केरूच्या थोरल्या भावाला मी माफ करत नाही. ते माझ्या अखत्यारीत नाही. सावित्रीला विचारावे.

खुद्द केरूला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. त्याचा ताडपत्रीवर डोळा होता. पण तो साक्षीदार आहे, आणि वकीलसाहेब म्हणतात साक्षीदाराला काही देऊ नये. हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

कलम ८. माझ्या मागचे.

मला ॲम्ब्युलन्सने न्यायचे नाही. गावात कोणाचा तरी ट्रक असेल, त्यातून न्यावे. पाऊस असेल तर श्रद्धाकडून ताडपत्री मागवावी. ड्रायव्हरने उतारावर हळू ब्रेक मारावा. वळणावर राहीने हॉर्न वाजवावा, पण तिच्या मनाला येईल तसा. माझ्या तऱ्हेने मुळीच नको. मथुराने तो मी गाडीत नसताना एकदा ऐकला, तेवढा पुरे झाला.

हे सर्व लवकर होणार नाही. घाई नसावी.

कलम ९. किल्ली.

घराच्या किल्लीबद्दल या मृत्युपत्रात काही लिहायचे नाही, कारण ती माझ्या पश्चात जाणारी वस्तू राहिलेली नाही. इतकी वर्षे ती माझ्या बाजूच्या खुंटीवर असे, आणि मथुरा बाहेर जाताना "किल्ली घेऊ?" म्हणून विचारून नेत असे. मला त्यात कधी काही वावगे वाटले नव्हते. आज सकाळी मी ती काढून तिच्या हातावर ठेवली. तिने किल्ली पदराने पुसली, कमरेला खोचली, पिशवी उचलली, मला म्हणाली, "तुम्ही पडवीत बसा. लिहायचंय ना?" आणि दाराला कुलूप लावून बाजारात गेली.

मी गेला तासभर बाहेर आहे. चष्म्याचे घर, पाण्याचा तांब्या, विडी, सगळे आत. साक्षीदार आले तेव्हा केरू कुलूप बघून खो खो हसायला लागला. म्हणाला, "लव्या, तुला घरातनं काढलाच की रे! चल माझ्याकडं, पाणी तरी पी." सावित्रीने त्याला हाताने गप्प केले. ती पडवीच्या पायरीवर बसली आणि त्या कुलपाकडे बराच वेळ बघत राहिली.

"राहू दे बंद," म्हणाली. "मला बघायला बरं वाटतं."

मग तिने पेन मागितले आणि आधी सही तीच करणार म्हणाली. मी म्हटले, आधी माझी लागते. ती म्हणाली, "मग करा पटकन."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून आणि उमजून सही केले आहे. वकीलसाहेबांच्या मसुद्यात खाली "स्थळ: माझे राहते घर" असे होते. ते मी खोडले आहे, आणि खाडाखोडीवर माझी सही आहे.

सही: लवू गंगाराम भाटकर

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:

१. सावित्री केरू भुवड
२. केरू धोंडू भुवड

दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

स्थळ: सौ. मथुरा लवू भाटकर यांच्या घराची पडवी, आंजर्ले.